मानेवरची दोन बोटं जागा

फोन खिशात टाकून धाकटा खुर्चीकडे परत आला, गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, आणि त्याला वस्तरा टेकवता येईना. मान मागे टाकून, डोळे मिटून, गालभर फेस माखून चष्म्यांच्या दुकानाचा मालक निवांत पडला होता. गळा उघडा. कानाच्या खाली, जरा पुढे, फेसाच्या कडेला एक शीर उडत होती. टप. टप. ती काही आजच उडायला लागली नव्हती. प्रत्येक गळ्यात ती उडते, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून हातात वस्तरा धरलेल्या धाकट्यानं ती लाखदा पाहिली असेल, म्हणजे कधीच पाहिली नसेल. रोजच्या रस्त्यावरचा दिव्याचा खांब माणूस पाहतो तेवढीच. आज ती दिसली. कागदाएवढ्या कातडीखालून माणसाचं सगळं रक्त ये-जा करतंय आणि माणूस घोरतोय, आपल्या हाताच्या भरवशावर. बायको फोनवर एवढंच म्हणाली होती, "आबांच्या रक्तात जंतू सापडलेत म्हणे. कालचा ताप त्याचाच. डॉक्टर म्हणतायत, मानेच्या नळीतून गेले असावेत. तुम्ही या." बस. पण 'मान' हा शब्द धाकट्याच्या कानात अडकून बसला. ती मान गेल्या आठवड्यात कुणाच्या हाताखालून गेली होती ते त्याला ठाऊक होतं.

"काय रे, उभ्या उभ्या झोपलास का?" चष्मेवाल्यानं एक डोळा उघडला.

"हात नीट नाही आज."

"मग आधी सांगायचंस की! आता अर्धा साधू नि अर्धा चोर असा जाऊ होय दुकानात?"

शेजारच्या खुर्चीचा कारागीर पुढे झाला, त्यानं धाकट्याच्या हातून वस्तरा काढून घेतला आणि नुसत्या मानेनं 'जा' म्हणाला. धाकटा गेला. अंगावर केसांनी भरलेला झगा तसाच, खिशात कंगवा तसाच. अर्धी दाढी सोडून उठणं म्हणजे या धंद्यात जेवणाऱ्याला ताटावरून उठवण्यासारखं. त्याच्या बापानं, घरात आबा आणि अख्ख्या गल्लीत वस्ताद, त्याला पहिला धडा कैचीचा दिला नव्हता, वस्तऱ्याचाही नाही. "घराला आग लागली तरी हातातला गाल पुरा करायचा, मग बादली उचलायची." हा पहिला धडा. त्या धड्यावर दुकान उभं राहिलं, त्या धड्यावर बहिणीचं लग्न झालं, आणि त्या धड्यावरच हे आजचं झालं, असं मनाशी म्हणत धाकटा चालत होता. पन्नाशीला टेकला तरी गल्लीला तो धाकटाच. वर टक्कल पडलेलं. न्हाव्यालाच टक्कल ही गल्लीतली थट्टा शिळी होऊन तिला बुरशी आली तरी रोज कुणीतरी ती ताटात वाढतंच. रस्त्यात त्याला माना दिसत होत्या. भाजीच्या पिशव्या धरलेल्या माना, फोनवर वाकलेल्या माना, एका बाईच्या खांद्यावर झोपलेल्या पोराची घामेजलेली मान. इतक्या उघड्या माना घेऊन माणसं कशी काय हिंडतात? सिग्नलला थांबलेल्या बसच्या काचेला एका म्हाताऱ्यानं मान टेकवली होती, आणि काचेवर तेलाचा डाग उमटला होता, आणि त्या डागात काय काय असेल या विचारानं धाकट्यानं पाय उचलले.

आबांची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. साखरेनं आतून कुरतडून ठेवली होती, आणि कळलं तेव्हा फक्त टरफलं उरली होती. रक्त मशीनमधून धुवायचं तर त्याला वाट हवी. हातातली शीर त्यासाठी ऑपरेशन करून जोडली होती, पण ती फुगून जाड व्हायला वेळ लागतो. तोवर उजव्या बाजूला मानेत नळी. थोडे दिवस म्हणाले होते. दवाखान्यातले थोडे दिवस म्हणजे पाहुण्यांचे थोडे दिवस, उठायचं नाव नाही. नळीची दोन तोंडं कानाशी डूल लोंबावेत तशी बाहेर लोंबत, आणि जिथून ती आत शिरली होती तिथे एक पारदर्शक चिकटपट्टी. खाटेवर पडल्या पडल्या म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी पाही. "याचं मागचं कुणी कापलंय रे? उंदरानं कुरतडल्यासारखं." "आबा, हळू. मोठे डॉक्टर आहेत ते." "मोठे असतील. कल्ले एक वर एक खाली आहेत." वॉर्डात हसू पिकायचं. साखर, किडनी, नळी, या सगळ्याखाली तो जुना वस्ताद शाबूत होता, आणि तो शाबूत आहे याचाच धाकट्याला इतका आनंद व्हायचा की बाकीचं त्याला दिसायचं नाही. दिसायला हवं होतं. वॉर्डात खाटा इतक्या दाट की एकाच्या खोकल्यानं दुसऱ्याची चादर हलावी. प्रत्येक खाटेच्या पायाशी हात चोळायच्या औषधाची बाटली टांगलेली, आणि त्या बाटलीचं नरडं दाबायला कुणाला वेळ नव्हता. मोठे डॉक्टर या खाटेवरून त्या खाटेवर जात, पाठीमागे शिकाऊ पोरांचं शेपूट, आणि ज्या हातानं शेजारच्याची जखम दाबून पाहिली त्याच हातानं आबांच्या गालावर थोपटून म्हणत, "काय वस्ताद!" सिस्टर एकटी, खाटा मोजाव्यात तितक्या. ती धावे. धावणाऱ्या माणसाला हात धुवायला सांगणारे धावत नाहीत, ते खोलीत बसून फलक लिहितात.

गेल्या आठवड्यात, त्या दिवशी मोठे डॉक्टर येणार होते, आणि शीर तयार झाली का ते पाहून घरी सोडायचं का ठरवणार होते. सकाळीच म्हाताऱ्यानं गाल चोळायला सुरुवात केली. "धाकट्या, हे काय तोंड आहे माझं? असा मेलो तर ओळखायचे नाहीत लोक." "इथे वॉर्डात कशी करणार, आबा?" "कशी म्हणजे? हातानं." साफसफाईच्या मावशींनी ऐकलं. त्यांनी मगभर कोमट पाणी आणून दिलं, वर पडदाही ओढला. "करा हो. म्हातारा सकाळपासून हिरमुसलाय." धाकट्यानं घरून आलेल्या पिशवीतून धोकटी काढली, म्हणजे ती चामड्याची जुनी पिशवी, वस्तादाची स्वतःची. आत त्याचा ब्रश, वाटी, तुरटीचा खडा. ब्लेड मात्र नवं, कागदातून काढलेलं. त्यात त्यानं कसूर केली नव्हती. ब्लेड नवं होतं, हे तो आता रस्त्यात मोठ्यानं बोलला, आणि समोरून येणारा माणूस दचकून बाजूला झाला.

बापाची दाढी करणं म्हणजे काय असतं ते बापाची दाढी न केलेल्याला सांगून उपयोग नाही. ज्या चेहऱ्याकडे वर बघून आपण मोठे झालो तो खाली, आपल्या पोटाशी, फेसात. गालाची कातडी ओढली की सरकते, पुन्हा जागेवर येत नाही. बोटांनी ताणून धरावी लागते, जुन्या चादरीसारखी. म्हातारा डोळे मिटून सूचना देत होता. "ओठाखाली सुलट घे. घाई नको. हां." डावा गाल झाला, उजवा झाला, गळा झाला, आणि म्हाताऱ्याचा हात सवयीनं उलट्या बाजूनं जबड्यावरून फिरत फिरत मानेवर येऊन थांबला. "इथे राहिलं."

"तिथे पट्टी आहे, आबा."

"पट्टीच्या कडेला राहिलंय. रात्रंदिवस टोचतंय मला ते. खाजवू देत नाहीत, काही नाही."

खरंच होतं. पट्टीखाली केस वाढले होते, काचेखाली दाबलेल्या गवतासारखे आडवे, आणि त्यांनीच पट्टीचा खालचा कोपरा उचलून धरला होता. घामानं तो आधीच सुटत आला होता. सिस्टरनं पहिल्या दिवशी बजावलं होतं, या पट्टीला हात लावायचा नाही, सुटली तर मला हाक मारा. धाकटा काही बहिरा नव्हता. पण हाक मारायची कशासाठी? नळीचा प्रश्न असता तर त्यानं मारली असती. सुईचा, औषधाचा, तापाचा प्रश्न असता तर वॉर्ड डोक्यावर घेतला असता. हा केसांचा प्रश्न होता, आणि केसांच्या बाबतीत सिस्टरला काय विचारायचं? आपलं घर, आपला उंबरा, आणि शेजाऱ्याला विचारून आत जायचं?

"अर्धी सोडून उठणार आहेस?" म्हातारा म्हणाला.

त्यानं कोपरा उचलला. दोन बोटं. जास्त नाही. चिकटपट्टी सुटताना बारीक आवाज झाला. खालची कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. काळ्या दोऱ्याचा एक टाका दिसला, आणि त्याच्या पलीकडे नळी आत जात होती, एखादी वाट झाडीत शिरावी तशी शांतपणे. त्यानं श्वास धरला. ब्रशानं अगदी थेंबभर फेस लावला, तोकडे तोकडे हात मारून तेवढी जागा साफ केली, ओल्या फडक्यानं टिपली, त्यावर तुरटी फिरवली, आणि कोपरा परत बसवून अंगठ्यानं दाबला. अंगठा ओला होता. म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला, पाठीवरून कुणी पोतं उतरवून घ्यावं तसा. पडदा सरकवून मावशींनी डोकावलं. "अगं बाई, नवरदेवच झालाय की म्हातारा!" मोठे डॉक्टर आले, शीर अजून कच्ची आहे म्हणाले, आणि पुढे गेले. नळी तशीच राहिली.

ब्लेड, की ब्रश, की तुरटी, की अंगठा? दवाखान्याच्या फाटकाशी येईपर्यंत धाकट्यानं ही चार भुतं अदलून बदलून उभी केली होती. ब्लेड नवं. ब्रश जुना, घरातून ओलाच आलेला. तुरटी तर औषधच, आबाच म्हणतात. अंगठा... न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरा, केसच निघायचे. पण हे केस निघत होते आणि प्रत्येकाच्या टोकाला बापाचं थोडं थोडं रक्त होतं.

आबांना वेगळ्या खोलीत हलवलं होतं. दारावर पिवळा कागद, दाराशी झगे, हातमोजे, मुखपट्ट्या. बायको बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर डबा, न उघडलेला. तिनं त्याचा केसाळ झगा पाहिला आणि तो त्याच्या अंगातून ओढून काढला, घडी घातली, पिशवीत कोंबला. आत जाण्याआधी त्याला एका छोट्या खोलीत बोलावलं. तिथे जंतूंचं बघणारी डॉक्टर बसली होती. वयानं पोरगीच. केस कानाशी नेटके कापलेले. हे कुणीतरी चांगल्या हातानं कापलेत, असं त्याच्या डोक्यात येऊन गेलं, आणि आपल्या डोक्यात आत्ता हे यावं याची त्याला शिसारी आली.

"बसा," ती म्हणाली. "नळी आम्ही काढली. औषध चालू केलंय. आता अडचण अशी आहे की रक्तातले जंतू जायला त्यांना थोडा काळ नळीशिवाय ठेवायला हवं, आणि नळीशिवाय डायलिसिस होत नाही, पाणी अंगातच साठतं. औषधाचा जोर आधी चढतो की अंगातलं पाणी, ते बघायचंय."

"हे झालं कशानं?"

ती थकलेली होती, पण तिनं उत्तर दिलं. वय. साखर. बंद पडलेली मूत्रपिंडं. जेवण जात नाही म्हणून अंगात नसलेली ताकद. लघवीची वेगळी नळी. मागे खोकल्याला दिलेली जबर औषधं, त्यांनी अंगातले साधे जंतू मारले आणि निब्बर तेवढे मागे राहिले. दवाखान्यातला लांबलेला मुक्काम. आणि मानेतली नळी, ती तर सगळ्यात मोठी. "यातलं एकेक असलं तरी धोका वाढतो. तुमच्या वडिलांमध्ये सगळीच आहेत."

ती बोलत होती आणि धाकट्याच्या अंगाची लाही होत होती. बाजारात बैलाचा जबडा फाकवून दात मोजावेत तसा त्याचा बाप मोजला जात होता. वय त्याचं, साखर त्याची, किडन्या त्याच्या, खोकला त्याचा. म्हणजे म्हाताऱ्यानंच आपल्या रक्तात जंतू सोडले की काय? या एवढ्या मोठ्या इमारतीत एवढी माणसं वावरतात, त्यातल्या एकाचाही हात या हिशोबात कसा येत नाही?

"आणि हात?" तो म्हणाला.

"कुणाचे?"

"कुणाचेही. माझे." आणि मग त्यानं सांगून टाकलं. दाढी, कोपरा, दोन बोटं. तिनं पेन खाली ठेवलं.

"ब्रश कुठला होता?"

"त्यांचाच. घरचा."

तिनं डोळे मिटले, उघडले. "करायला नको होतं."

सकाळपासून त्याला जे हवं होतं ते हे होतं. कुणीतरी बोट दाखवून म्हणावं, तू. त्याच्या खांद्यांवर काहीतरी येऊन बसलं आणि त्या वजनानं त्याला चक्क बरं वाटलं. पण पोरीला राहवलं नाही. ती भली होती, आणि भल्या माणसांसारखं दुसऱ्याचं दुखणं वाटून घ्यायची तिला खोड होती. "पण त्यानंच झालं असं मी नाही म्हणू शकत. ती नळी एक दिवसाआड आमची माणसं उघडतात, जोडतात, बंद करतात. तुमच्या आधीही, नंतरही. आणि खरं सांगायचं तर ती केव्हाच बदलायला हवी होती. हाताची शीर आज तयार होईल, उद्या होईल म्हणून आम्ही ठेवली. तो निर्णय आमचा."

"मग माझे किती?"

"काय किती?"

"टक्के. माझ्या हाताचे किती?"

"असं काढता येत नाही हो ते."

"वयाचं काढता येतं, साखरेचं येतं."

"ते हजारो पेशंट मिळून काढतात. एका माणसाचं नाही काढता येत." मग तिनं ते वाक्य म्हटलंच, जे म्हटल्याशिवाय या इमारतीतून कुणाला सोडत नाहीत. "मनाला लावून घेऊ नका."

धाकटा उठला. मनाला नाही तर कशाला लावून घ्यायचं? भिंतीला? दहा जण खांद्याला लागले की तिरडी हलकी होते, हे त्याला माहीत होतं. पण दहा जण लागले की कुणालाच ती उचलल्यासारखी वाटत नाही, हे आज कळत होतं. वर्षानुवर्षं तो गिऱ्हाइकांची हजामत करत आला होता. बिनपाण्यानं कशी करतात ते आज या पोरीनं, तेही हळुवारपणे, करून दाखवलं होतं.

बाहेर बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?"

"मी सांगितलं तिला. दाढीचं."

"सांगितलंत?" ती उठूनच उभी राहिली. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! आता मोकळे झाले ते. म्हणतील, न्हाव्यानं केलं, आमचं काही नाही."

"म्हणाले असते तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"म्हणत नाहीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. भांडायला उघडलेलं तिचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग हळूहळू मिटलं. ती परत बाकावर बसली, डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत. "ब्रश मीच घातला होता पिशवीत," ती म्हणाली. "आबांनी फोन करून मागितला होता, तुम्हाला न सांगता. धुतला, तो ओलाच होता. वाळवायला वेळ नव्हता, म्हणून पिशवीत गुंडाळला. प्लास्टिकच्या." तिनंही तिचा वाटा उचलला होता आणि आता तो कुठे ठेवायचा ते तिलाही कळत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती सासऱ्याला इतकी भ्यायची की त्याच्यासमोर केससुद्धा विंचरायची नाही. म्हातारा एकदा म्हणाला, "सूनबाई, अहो या घरात केसांची कुणाला लाज नाही, पोट त्यांच्यावरच भरतं." तेव्हापासून त्या दोघांचं गूळपीठ. धाकट्याला वगळून त्यांचे फोन चालत, मागण्या चालत. ब्रशही त्यातलाच.

झगा, मोजे, मुखपट्टी चढवून तो आत गेला. आबा खाटेत होते, पण खाट मोठी झाली होती. थंडी वाजून दात एकमेकांवर आपटत होते, आणि मानेच्या उजव्या बाजूला आता नळी नव्हती, नुसता कापसाचा बोळा, पट्टीनं दाबलेला. त्याला वाटलं, आपल्याला ओळखणार नाहीत. पण म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि मुखपट्टीच्या वरच्या दोन इंच चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "गिऱ्हाईक टाकून आलास?"

"कारागीर आहे, आबा."

"त्याचा हात जड आहे." दात आपटले. "मानेला... जपून म्हणावं."

खोलीत यंत्राची टिकटिक चालू होती. हीच वेळ आहे, धाकट्याला वाटलं. डॉक्टरनं दिलं नाही, बायकोनं अर्धं उचलून नेलं, आता एकच माणूस उरलाय जो शिव्या घालू शकतो. त्याच्या शिव्यांवर तो वाढला होता. कैची पडली की शिवी, कल्ला तिरका गेला की शिवी, आणि त्या शिवीनंतर हिशोब संपलेला असायचा. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. "आबा," तो वाकून म्हणाला, "ती त्या दिवशीची दाढी केली ना मी. ती पट्टी मी उचलली होती. तिथून..."

"झकास झाली होती," म्हातारा म्हणाला. डोळे मिटलेलेच. "इतके दिवस... टोचत होतं. मग झोप लागली."

धाकटा तिथेच उभा राहिला. मुखपट्टीच्या आत त्याचा श्वास गरम होऊन परत त्याच्याच तोंडावर येत होता. माणसाला शिक्षा हवी असते आणि लोक त्याला माया देतात, याच्यासारखा छळ नाही. त्याला वाटलं ओरडावं, अहो, ती झोप कसली होती कळलं का तुम्हाला? पण ते खोटं झालं असतं, कारण ती झोप खरीच झोप होती. त्या दुपारी तो शेजारी बसून बघत होता. तुळतुळीत गालाखाली हात घेऊन म्हातारा लहान पोरासारखा झोपला होता, आणि धाकट्याला वाटलं होतं, आपण या माणसासाठी आयुष्यात एक काम पुरं केलं. अर्धं न सोडता. ती झोप आणि हा ताप, दोन्ही त्याच दोन बोटं जागेत होती, आणि एक काढून दुसरं ठेवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जंतूचं नाव आलं. लांबलचक नाव, त्याच्या डोक्यात काही राहिलं नाही. राहिलं ते पुढचं. "हा कुठून येतो?" त्यानं विचारलं, आणि ती पोरगी म्हणाली, "कुठूनच नाही, इथेच असतो. पुष्कळांच्या कातडीवर, नाकात. तुमच्या असेल, माझ्या असेल, त्यांच्या स्वतःच्याही. बाहेर असतो तोवर काही करत नाही. रक्तात वाट मिळाली की मग." ती तोंडावर चढवलेली मुखपट्टी सारखी करत बोलत होती. धाकट्याला वाटलं होतं, चोर सापडला की घर कळेल. चोर तर घराघरात मुक्कामाला होता. मोठे डॉक्टर आले, त्यांनी आज हात चोळले, खूप चोळले, दोघांच्या देखत. घर जळून गेल्यावर बादली भरायची, असं काहीसं धाकट्याच्या मनात आलं. त्याला रागही नीट येईना. राग यायला समोर एक तोंड लागतं. इथे तोंडं पुष्कळ होती, सगळ्यांवर मुखपट्ट्या होत्या, आणि त्यातली एक त्याची होती.

औषधाच्या आधी पाणी चढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजले, मग पोट, मग छातीत घुरघुर. नवी नळी घालून मशीन लावायचं म्हटलं तर रक्तदाब इतका पडला होता की मशीन लावताच आबा जायचे, असं सांगितलं. रक्तदाब टिकवायची औषधं वाढवली. मग त्यांनी वाढवणं थांबवलं, पण तसं कुणी बोललं नाही. बायको बाकावरून उठली नाही. धाकटा आत-बाहेर करत राहिला. प्रत्येक वेळी बाहेर आला की मोजे काढून डब्यात टाकायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, आत जाताना पुन्हा धुवायचे, नवे मोजे चढवायचे. एवढे हात त्यानं उभ्या आयुष्यात धुतले नव्हते. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं तरी तो खाटेपासून हातभर लांब उभा राही, हात छातीशी धरून, कशालाही न लावता. म्हाताऱ्याचं पांघरूण सरकलं तरी तो सिस्टरला हाक मारायचा. आता तो सगळ्यालाच हाक मारत होता.

दुपारी खिडकीतून ऊन थेट खाटेवर येत होतं. सिस्टर आत आली, तीच, पहिल्या दिवशी बजावणारी. आपणहून इकडे आली होती, तिचा वॉर्ड दुसरा. तिनं खिडकीचा पडदा अर्धा ओढला, यंत्राचा आवाज बारीक केला, आणि मग त्याच्याकडे वळली. धाकटा मोज्यांच्या खोक्यात हात घालत होता.

"राहू द्या मोजे," ती म्हणाली.

"पण ते..."

"राहू द्या. असेच जवळ बसा. हात धरा त्यांचा."

"चालेल?"

तिनं मोज्यांचं खोकं बाजूला सारलं. "आता चालेल," ती म्हणाली, आणि स्टूल खाटेला लावून दिलं, आणि बाहेर जाऊन त्याच्या बायकोला आत पाठवलं, तिलाही झगा न देता.

धाकट्याला समजलं. एवढ्या सगळ्या सांगण्या-बोलण्यात एवढीच एक गोष्ट त्याला सरळ समजली. तो स्टुलावर बसला. त्याच्या हातांना कुठे जायचं ते कळेना. ते मांडीवर पडून राहिले, एखाद्याचे विसरून राहिलेले असावेत तसे. बायकोनं सासऱ्याच्या पायांवरून पांघरूण सारखं केलं आणि पायांशीच उभी राहिली. मग त्यानं म्हाताऱ्याचा उजवा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. सुजलेला, गार, नखं निळी. अंगठ्याच्या मुळाशी कैचीचा घट्टा, आयुष्यभराचा. तो सुजेतही तसाच कडक होता. नळी नव्हती, मोजा नव्हता, मध्ये काहीच नव्हतं. कातडीला कातडी लागली, आणि तिच्यावर जे काही असेल ते या हातावरून त्या हातावर गेलं असेल किंवा त्या हातावरून या हातावर, आणि त्यानं आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. थोड्या वेळानं म्हाताऱ्याची बोटं त्याच्या बोटांवर मिटली. त्यानं मिटली की ती नुसती मिटली, हेही कुणाला सांगता आलं नसतं. धाकट्यानं विचारलं नाही.